आंतरजाल-पत्त्यांची साठेबाजी व वाटपाचे धोरण

आंतरजालास (इंटरनेटला) जोडलेल्या यंत्रास ओळखीसाठी अंकीय पत्ता असावा लागतो. अशा पत्त्यांचे संच गरजेपेक्षा अधिक मिळवून ते न वापरता अडवून ठेवणे, किंवा पुढे विकण्याच्या वा भाड्याने देण्याच्या हेतूने बाळगणे, यास आंतरजाल-पत्त्यांची साठेबाजी म्हणतात. तिला आळा घालण्यासाठी नोंदणी संस्थांनी १९९३ नंतर जे नियम केले, त्यांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. विषय तांत्रिक दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी प्रश्न वाटणीचा आहे. पत्त्यांचा साठा मर्यादित होता. अमेरिकेत वाटप सुरू झाले तेव्हा मागणारे थोडे होते आणि भारतासारखे देश पंगतीस येऊन बसले तेव्हा पातेल्यात फारसे उरले नव्हते. टिटवाळ्यासारख्या मुंबईच्या दूरच्या उपनगरात घरोघरी जी जोडणी पोचते, तिचे स्वरूप पुष्कळ अंशी या जुन्या वाटपाने ठरले आहे.

पत्त्यांचे स्वरूप : पत्त्यांची जी पद्धती चौथी आवृत्ती म्हणून ओळखली जाते, ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रमाणित झाली व १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या आर्पानेट या संगणक-जालात अंमलात आली. तीत प्रत्येक पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा (बिटांचा) असतो. लिहिताना तो ० ते २५५ यांमधील चार संख्यांच्या रूपाने, मध्ये टिंबे देऊन लिहितात. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकी होते. त्यांपैकी काही भाग विशेष कामांसाठी राखून ठेवलेला असल्याने प्रत्यक्ष वाटपास उपलब्ध असलेले पत्ते याहून कमी आहेत. पृथ्वीची लोकसंख्या या आकड्याहून अधिक आहे आणि एकेका माणसाकडे एकाहून अधिक यंत्रे असतात, एवढे सांगितले म्हणजे टंचाईचे कारण स्पष्ट होते. पद्धती ठरविणाऱ्यांना मात्र ती काही प्रयोगशाळा जोडण्यापुरती हवी होती. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

साठेबाजी हा शब्द मराठी वाचकास धान्य, साखर, रॉकेल यांच्या संदर्भात परिचित आहे. धान्याच्या साठेबाजास कोठार लागते, कीड व ओल यांची धास्ती असते आणि नवे पीक येण्यापूर्वी माल बाहेर काढावा लागतो. पत्त्यास कोठार लागत नाही, तो कुजत नाही आणि त्याचे नवे पीकही येत नाही. या दृष्टीने त्याचे साम्य जमिनीशी अधिक आहे. जमिनीच्या बाबतीत शासनाने १९७६ मध्ये नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम केला. कल्याण-उल्हासनगर परिसरातील अनेक जमीनधारकांना त्याचा अनुभव आहे, आणि सूट देण्याच्या कलमांतून तो कसा पातळ झाला हेही तेथील लोक जाणतात. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द करण्यात आला. जीवनावश्यक वस्तू अधिनियम (१९५५) काय किंवा हा अधिनियम काय, त्यांमागे सार्वभौम शासनाची सत्ता होती : झडती, जप्ती व शिक्षा यांचा अधिकार होता. आंतरजाल-पत्त्यांमागे अशी सत्ता नाही. दूरध्वनी क्रमांकांचे वाटप प्रत्येक देशाचे शासन करते. पत्त्यांचे वाटप मात्र सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या खाजगी संस्था करतात, आणि त्यांचा सगळा अधिकार नोंदवहीत नाव ठेवणे वा काढणे एवढाच असतो.

येथे पत्ता व नाव यांतील भेद लक्षात ठेवावा. संकेतस्थळाचे अक्षरी नाव हे पत्त्यावर लावलेली पाटी होय. नावांचीही साठेबाजी होते. प्रसिद्ध संस्थांच्या नावांशी मिळतीजुळती नावे आधीच नोंदवून ठेवण्याचे प्रकार १९९० नंतरच्या दशकात बोकाळले होते. अशा वादांत न्यायालयांना व्यापारचिन्हांचा कायदा हाताशी होता. रेडिफ कम्युनिकेशन विरुद्ध सायबरबूथ या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे ठरविले, की संकेतस्थळाचे नाव केवळ पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे. अंकांना मात्र कोणाची कीर्ती चिकटलेली नसते. त्यामुळे अंकीय पत्त्यांच्या बाबतीत हा आधार निरुपयोगी ठरतो.

आरंभीचे वाटप : प्रारंभी पत्त्यांची नोंदवही अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ जॉनथन पोस्टेल हे ठेवीत. मागणाऱ्याने विनंती करावी आणि त्यांनी क्रमांक द्यावा, इतका सरळ व्यवहार होता. संच तीन मापांचे होते. सर्वांत मोठ्या, म्हणजे पहिल्या वर्गाच्या, संचात १,६७,७७,२१६ पत्ते असत. दुसऱ्या वर्गाच्या संचात ६५,५३६ आणि तिसऱ्यात फक्त २५६. ज्या संस्थेस हजारभर पत्ते हवे असत तिला तिसरे माप तोकडे पडे, म्हणून ती दुसरे घेई व त्यातील बहुतेक पत्ते पडून राहत. म्हणजे पहिली साठेबाजी कोणाच्या लोभातून उद्भवली नाही; मापेच तशी होती.

पहिल्या वर्गाचे संच ज्यांना मिळाले त्यांच्या यादीत मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था, स्टॅनफर्ड विद्यापीठ, आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, फोर्ड मोटार, ॲपल, औषधे बनविणारी मर्क कंपनी अशी नावे आढळतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नावावर असे तेरा संच आहेत. त्यांतील पत्त्यांची संख्या २१ कोटींहून अधिक भरते. संपूर्ण भारताच्या वाट्याला चौथ्या आवृत्तीचे सु. चार कोटी पत्ते आलेले आहेत.

भारतात संगणक-जालाचा आरंभ प्राधान्याने मुंबईत झाला. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जालाचा प्रकल्प हाती घेतला. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, त्या वेळच्या पाचही भारतीय तंत्रविद्या संस्था व स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग हे त्याचे घटक होते. जुहूच्या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा या कामात मोठा वाटा होता. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत भाड्याची तार-जोडणी मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० द्विमान अंक इतका होता. या जालातील संस्थांना आरंभीच्या काळात जे पत्ते मिळाले त्यांतील मुख्य संच १४४.१६ या अंकांनी सुरू होणारा, दुसऱ्या वर्गाचा होता. त्यातील ६५,५३६ पत्ते पवई, बंगलोर, मद्रास, खरगपूर, कानपूर अशा ठिकठिकाणच्या संस्थांनी तुकडे पाडून वाटून घेतले. त्याच काळात मॅसॅचूसेट्सच्या एकट्या संस्थेकडे याच्या २५६ पट पत्ते होते. ही तुलना कोणावर ठपका ठेवण्यासाठी केलेली नाही. भारतीय संस्थांनी त्या वेळी मोठा संच मागितला असता तर तो नाकारला गेला असता, असेही म्हणता येत नाही. मागण्याची गरजच कोणाला भासली नाही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. तीत स्वस्त खाते घेणाऱ्यास केवळ अक्षरी पडदा मिळे. त्याच्या संगणकास स्वतःचा पत्ता नसे, निगमच्या संगणकाच्या पत्त्यावर त्याचे काम चाले. पत्ता मिळणारे खाते महाग होते. खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली, म्हणजे भारतात खरी मागणी सुरू झाली तेव्हा नियम कडक होऊन पाच वर्षे झाली होती.

धोरणाचा उदय : दुसऱ्या वर्गाचे संच लवकरच संपणार, ही गोष्ट १९९० च्या सुमारास ध्यानात आली. त्यावर १९९२ ते १९९६ या काळात जे उपाय झाले ते चार प्रकारचे होते. नोंदवहीचे प्रदेशवार विभाजन झाले : यूरोपसाठी १९९२ मध्ये, आशिया-पॅसिफिकसाठी १९९३ मध्ये (एपनिक, आरंभी टोकिओ, १९९८ पासून ऑस्ट्रेलियातील ब्रिझ्बेन) नोंदणी संस्था निघाल्या, उत्तर अमेरिकेची १९९७, लॅटिन अमेरिकेची २००२ व आफ्रिकेची २००५ मध्ये अस्तित्वात आली. सप्टेंबर १९९३ मध्ये तीन ठराविक मापे रद्द होऊन गरजेप्रमाणे कोणत्याही द्विघाती मापाचा संच देण्याची सोय झाली. १९९४ मध्ये एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची पत्ता-रूपांतराची युक्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या जोडीला कार्यालयांतर्गत वापरासाठी खाजगी पत्त्यांचे संच राखून ठेवण्यात आले. चौथा उपाय नैतिक आवाहनाचा होता. न वापरलेले संच परत करावेत, अशी विनंती फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्व धारकांना करण्यात आली.

या आवाहनास मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला ३६ क्रमांकाचा संपूर्ण संच २००० मध्ये परत केला, हे ठळक उदाहरण. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, तो संच एपनिकला देण्यात आला व त्यातून आशियातील देशांना पत्ते मिळाले. परत केलेल्या पत्त्यांचा लाभ कोठपर्यंत पोचू शकतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण नाही. मात्र स्टॅनफर्डचा कित्ता बहुतेक बड्या धारकांनी गिरविला नाही.

साठेबाजीचा स्पष्ट निषेध नोव्हेंबर १९९६ च्या मार्गदर्शक टिपणात (क्र. २०५०) आढळतो. पत्ते दीर्घकाळ पुरावेत म्हणून त्यांचा साठा करू न देणे, हे वाटपाचे एक उद्दिष्ट असल्याचे त्यात नमूद केले होते. पुढील पंधरा वर्षे सर्व प्रादेशिक संस्था थोड्याफार फरकाने हेच धोरण पाळीत होत्या. अर्जदाराने आपल्या जालाचा आराखडा द्यावा, नवख्यास लहान संच मिळावा, त्यातील सु. ८० टक्के पत्ते उपयोगात आल्याचे दाखविल्यावरच पुढचा संच मिळावा. नजीकच्या काळाच्या गरजेपलीकडे काही देऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. पत्ता ही मालकीची वस्तू नसून गरज असेतोवर वापरण्यास दिलेली गोष्ट आहे, हे त्यामागील तत्त्व होय. रेशनच्या दुकानातील शिधापत्रिकेशी या पद्धतीचे साम्य आहे : माणसे मोजून शिधा.

धोरणातील उणिवा : हे तत्त्व निर्दोष होते, उणीव त्याच्या काळाची होती. नियम येण्यापूर्वी ज्यांना संच मिळाले त्यांनी कोणताही करार केलेला नव्हता. त्यांच्यावर गरज सिद्ध करण्याचे बंधन आले नाही. उशिरा येणाऱ्याने एकेक पत्त्याचा हिशेब द्यावा आणि आधी येऊन बसलेल्याने काहीच सांगू नये, अशी दुहेरी व्यवस्था निर्माण झाली. कमाल जमीन धारणा कायद्यात निदान जुन्या धारकांनाही विवरणपत्र भरावे लागत असे.

दुसरी उणीव शुल्काची आहे. वार्षिक शुल्क साठ्याच्या प्रमाणात वाढत गेले असते, तर पडीक पत्ते बाळगणे जड गेले असते. एपनिकच्या सूत्रात पत्ते दुप्पट झाले म्हणजे शुल्क १.३०८ पट होते. परिणामी, धारक जितका मोठा तितके दर पत्त्यामागील शुल्क कमी. सभासदांवर बोजा पडू नये व संस्थेचा खर्च भागावा, या हेतूने असे सूत्र ठेवणे समजण्यासारखे आहे. पण त्याने साठेबाजीस आवर बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिसरी उणीव तपासणीची. गरज कागदावर दाखवायची असते, आणि कागद बनविता येतो. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका व्यावसायिकाने नामधारी कंपन्या उभ्या करून उत्तर अमेरिकेच्या नोंदणी संस्थेकडून साडेसात लाखांहून अधिक पत्ते मिळविले. २०१९ मध्ये त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले, २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला व पुढे त्यास कारावासाची शिक्षा झाली. तेथे फसवणुकीचा कायदा उपयोगी पडला; साठेबाजी हा स्वतंत्र गुन्हा नव्हता.

साठा संपणे व बाजार : ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पाच मोठे संच पाच प्रादेशिक संस्थांना प्रत्येकी एक याप्रमाणे देण्यात आले आणि तो साठा संपला. सर्वांत आधी टंचाई आशियास जाणवली : १५ एप्रिल २०११ रोजी एपनिकला आपल्या अखेरच्या संचास हात घालावा लागला. यूरोपीय संस्थेवर ही वेळ सप्टेंबर २०१२ मध्ये आली; उत्तर अमेरिकेचा खुला साठा सप्टेंबर २०१५ पर्यंत पुरला.

जे फुकट मिळाले होते त्यास आता मोल आले. दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल या कॅनडियन कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ७५ लाख डॉलरना घेतले. म्हणजे दर पत्त्यास ११.२५ डॉलर पडले. मॅसॅचूसेट्सच्या संस्थेने २०१७ मध्ये आपल्या संचाचा मोठा भाग विकण्याचे ठरविले व तो ॲमेझॉनकडे गेला. हौशी रेडिओचालकांसाठी पूर्वी राखून ठेवलेल्या संचाचा चौथा हिस्सा, ४१,९४,३०४ पत्ते, २०१९ मध्ये दहा कोटींहून अधिक डॉलरना त्याच कंपनीने घेतला. २०२१ च्या सुमारास भाव पत्त्यास पन्नास डॉलरच्या आसपास चढला होता. पुढे तो उतरला. खरेदी केलेल्या साठ्याचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या संगणकसेवेत प्रत्येक सार्वजनिक पत्त्यास तासाला ०.००५ डॉलर असा आकार लागू झाला. वर्षाचा हिशेब ४३.८० डॉलर होतो. या कंपनीच्या मुंबई केंद्रावर आपला व्यवसाय चालविणाऱ्या लहानशा उद्योगासही तो भरावा लागतो.

बाजाराच्या समर्थकांचे म्हणणे असे, की भाव आल्यामुळेच पडीक पत्ते बाहेर आले. आवाहनाने जे झाले नाही ते पैशाने झाले. या म्हणण्यात तथ्य आहे. त्याच युक्तिवादाने यूरोपीय संस्थेने २०१४ मध्ये हस्तांतरासाठी गरज दाखविण्याची अट काढून टाकली. एपनिकने मात्र, मध्यंतरी काही काळ ढिलाई करून, ती अट पुन्हा लावली. प्रस्तुत लेखकाच्या मते एपनिकची भूमिका आशियाच्या हिताची आहे. अट नसेल तर भांडवल असणारा भाव वाढण्याची वाट पाहत पत्ते धरून बसू शकतो, आणि ज्यास खरोखर जाल चालवायचे आहे तो त्याचा भाडेकरू होतो.

अखेरचा संच व भारत : एपनिकच्या वाट्यास आलेला अखेरचा संच १०३ या अंकाने सुरू होतो. त्याच्या वाटपात साठेबाजीविरोधी धोरणाने खरे कसब दाखविले. लहान-मोठा न पाहता प्रत्येक सभासदास यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचे ठरले. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणण्यात आली. केवळ पत्ते मिळवून विकण्यासाठी कंपन्या स्थापन होऊ लागल्याचा संशय आल्यावर, १०३ च्या संचातील पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षे दुसऱ्यास देण्यास मनाई करण्यात आली. भारतात हे काम २०१२ पासून राष्ट्रीय आंतरजाल विनिमय केंद्राच्या (निक्सी) अखत्यारीतील ‘इरिन’ ही राष्ट्रीय नोंदणी शाखा पाहते. तीही एपनिकच्याच नियमांनी बांधलेली आहे. ज्या पवईच्या संस्थेने देशातील पहिल्या जालात भाग घेतला, तिचे आजचे सार्वजनिक पत्ते याच १०३ च्या संचातील आहेत आणि आतील हजारो यंत्रे खाजगी पत्त्यांवर चालतात.

या शिधावाटपाचा सर्वाधिक लाभ व सर्वाधिक ओढाताण दोन्ही लहान सेवापुरवठादारांच्या वाट्यास आली. टिटवाळा हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, काळू नदीकाठचे हे गाव महागणपतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मांडा-टिटवाळा हा भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडतो व मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांच्या वसाहती तेथे वाढल्या आहेत. अशा वस्तीत घरापर्यंत तंतू आणून देणारा बहुधा स्थानिक केबलचालक वा त्याच्यासारखा छोटा व्यावसायिक असतो. २०१९ नंतर व्यवसायात आलेल्या अशा एखाद्याने स्वतः सभासदत्व घेतले, तर त्यास १०३ च्या संचातून फार तर ५१२ पत्ते मिळू शकत होते. बाजारात घ्यायचे तर सहसा २५६ हा लहानात लहान संच. पत्त्यास तीस डॉलर धरले तरी त्याचे ७,६८० डॉलर होतात.

मार्ग एकच उरतो : एक पत्ता अनेक घरांत वाटणे. प्रत्येक सार्वजनिक पत्त्यास ६५,५३६ द्वारक्रमांक (पोर्ट) असतात. आरंभीचे १,०२४ वगळून उरलेले ६४,५१२ जर प्रत्येक घरास १,००८ याप्रमाणे दिले, तर एका पत्त्यावर ६४ घरे बसतात व ५१२ पत्त्यांवर ३२,७६८ घरे. घरातील यंत्रास मधल्या टप्प्याचा जो पत्ता मिळतो, त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास राखून ठेवण्यात आला. चाळीत एका नळावर अनेक बिऱ्हाडे पाणी भरतात, तसा हा प्रकार आहे, आणि नळाप्रमाणेच त्याच्या अडचणी एकट्या वापरताना लक्षात येत नाहीत. बाहेरून घराकडे थेट जोडणी करता येत नाही. दुकानातील निगराणी-कॅमेरा घरून थेट पाहायचा झाल्यास मध्यस्थ कंपनीच्या संगणकावर विसंबावे लागते किंवा स्थिर पत्त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. एका बिऱ्हाडाच्या संगणकातून उपद्रवी संदेश जाऊ लागले, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो व शेजारच्या त्रेसष्ट घरांनाही बँकेच्या वा रेल्वे आरक्षणाच्या संकेतस्थळावर अडथळा येऊ शकतो.

याहून गंभीर बाब ओळखीची आहे. गुन्ह्याच्या तपासात पोलिस पत्त्यावरून ग्राहक शोधतात. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक-अभियंत्यास अटक केली. त्या क्षणी तो पत्ता कोणाकडे होता, याविषयी मिळालेली माहिती चुकीची होती; हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्यास सु. पन्नास दिवस येरवड्याच्या कारागृहात राहावे लागले. सामायिक पत्त्याच्या बाबतीत केवळ पत्ता व दिवस पुरत नाही. द्वारक्रमांक व सेकंदापर्यंतची वेळ लागते. सेवापुरवठादारांनी अशा नोंदी किमान दोन वर्षे जपल्या पाहिजेत, असा पालट दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत केला. तीस हजार घरांच्या प्रत्येक जोडणीची अशी नोंद ठेवणे लहान व्यावसायिकास किती झेपेल, हा प्रश्नच आहे. पत्त्यांच्या टंचाईची किंमत अशा रीतीने निरपराध ग्राहकाच्या सुरक्षिततेपर्यंत जाऊन पोचते.

आफ्रिकेतील वाद : नोंदणी संस्थेने साठा परत घेण्याचा प्रयत्न केल्यास काय होते, याचा अनुभव आफ्रिकेत आला. मॉरिशस येथील आफ्रिनिक या संस्थेने सेशेल्समध्ये नोंदलेल्या क्लाउड इनोव्हेशन कंपनीस २०१३ ते २०१६ या काळात ६२ लाखांच्या आसपास पत्ते दिले होते. ते मुख्यत्वे आफ्रिकेबाहेर भाड्याने दिले जातात व सांगितलेल्या गरजेशी त्यांचा मेळ बसत नाही, असे म्हणून संस्थेने मार्च २०२१ मध्ये सभासदत्व रद्द करण्याची नोटीस दिली. करारात असा वापर निषिद्ध नाही, अशी कंपनीची भूमिका होती. कंपनी मॉरिशसच्या न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये संस्थेची बँकखाती गोठविण्यात आली. दाव्यांच्या मालिकेत तिचे संचालक मंडळ अपुरे पडून कामकाज खोळंबले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासक नेमला. जून २०२५ ची निवडणूक रद्द होऊन सप्टेंबर २०२५ मध्ये नवे मंडळ निवडले गेले. एका खंडाची नोंदवही एका सभासदाच्या दाव्यांनी चार वर्षे अडून राहिली. ‘पत्ता मालकीचा नाही’ हे तत्त्व न्यायालयात करारातील शब्दांवर तोलले जाते, ही गोष्ट तोवर कोणी गंभीरपणे घेतली नव्हती.

सहावी आवृत्ती : टंचाईवरील मूलगामी उपाय म्हणून १२८ द्विमान अंकांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच मांडण्यात आली. तीत पत्त्यांची संख्या व्यवहारतः अमर्याद असल्याने साठेबाजीस अर्थ उरत नाही. परंतु दोन्ही आवृत्त्यांची यंत्रे परस्परांशी थेट बोलू शकत नाहीत. त्यामुळे ज्यांच्याकडे जुने पत्ते मुबलक होते त्यांना बदलाची घाई नव्हती. भारताच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये या आवृत्तीचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष पालट घडला तो सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केल्यावर. कोट्यवधी ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते बाजारात मिळणे शक्य नव्हते, म्हणून तिने आरंभापासून नवी पद्धती वापरली. आंतरजाल वापरणाऱ्या भारतीयांपैकी निम्म्याहून बरेच अधिक लोक आज सहाव्या आवृत्तीने जोडले जाऊ शकतात. या बाबतीत भारत जगात आघाडीवर आहे. ज्यांना जुना साठा मिळाला नाही, त्यांनीच नवी पद्धती आधी स्वीकारली.

भ्रमणध्वनीपेक्षा घरगुती तंतू-जोडणीचे चित्र वेगळे आहे. लहान पुरवठादारांची जुनी यंत्रसामग्री, ग्राहकाच्या घरातील स्वस्त राउटर आणि अद्याप फक्त चौथ्या आवृत्तीवर असलेली अनेक संकेतस्थळे यांमुळे पत्ता-रूपांतराची यंत्रे बंद करता येत नाहीत. टिटवाळ्याहून सकाळच्या लोकलने निघालेल्या प्रवाशाच्या हातातील दूरध्वनीस बहुधा स्वतःचा, जगात इतर कोणाचाही नसलेला पत्ता असतो. त्याच्या घरातील भिंतीवरच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता मात्र शेजारच्या अनेक घरांबरोबर सामायिक असतो.